लव्हेल स्टुबर्गने दिलेले पैसे

लव्हेल स्टुबर्ग इतिहासाच्या संशोधनाला पैसे देणार, ही बातमी ट्विनवेल्समध्ये फुटली तेव्हा लोकांनी ती आधी हसण्यावारी नेली. लव्हेल कुणाला काही देतोय असं गावानं कधी पाहिलं नव्हतं. सारी हयात त्यानं टर्की पक्ष्यांचे कळप पाळले, साठी उलटल्यावर सगळा धंदा आयडाहोच्या एका कंपनीला विकला, आणि एवढा पैसा हातात येऊनही तो त्याच जुन्या पिकअपमधून, त्याच तेलकट टोपीत हिंडत राहिला. चर्चला तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. बायको गेलेली, मूलबाळ नाही. असा माणूस शेताशेतांतून गव्हाच्या ओंब्या वेचणाऱ्या जुन्या काळच्या बायकांवर पैसे का उधळेल?

हाच प्रश्न मार्व्हा थोरपलाही पडला होता, आणि तिला तर ते पैसे मिळणार होते.

मार्व्हा चव्वेचाळीस वर्षांची. नवरा प्रोव्होमध्ये दुसऱ्या संसारात रमलेला, आणि ही जवळच्या कॉलेजात तासाच्या बोलीवर इतिहास शिकवायची. तिच्या डोक्यात एकच विषय घर करून बसला होता. जुन्या काळी साल्ट लेकहून, चर्चच्या मुख्यालयातून हुकूम आला आणि गावोगावच्या बायकांनी कापणीनंतर रानात पडलेल्या ओंब्या वेचून गहू साठवला, वाईट दिवसांसाठी स्वतःची कोठारं बांधली. त्या कोठारांचं पुढे काय झालं हे तिला शोधायचं होतं. तिनं चार ठिकाणी अर्ज केले. साल्ट लेकच्या एका निधीनं गोड भाषेत विचारलं, "सिस्टर थोरप, यातून आपल्या लोकांची श्रद्धा वाढेल ना?" पूर्वेकडच्या एका मोठ्या प्रतिष्ठानातल्या बाईंनी फोनवर विचारलं, "पण यात तुमच्या चर्चमधल्या, पूर्वीच्या त्या एका नवऱ्याच्या चार बायका कुठे येतात?"

"कुठेच येत नाहीत," मार्व्हा म्हणाली. "यात गहू येतो."

दोन्ही अर्ज साभार परत आले. उरलेल्या दोघांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. आणि मग एके दिवशी लव्हेलचा फोन आला, की संध्याकाळी घरी ये, जेवायच्या आधी ये, कारण मी जेवायला घालणार नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं तिच्यासमोर पोस्टमचा वाफाळता कप ठेवला, चर्चला कॉफी वर्ज्य म्हणून गावात पितात ते भाजक्या गव्हाचं पेय, आणि सरळ विषयाला हात घातला.

"पैसे मी कॉलेजात भरतो. दोन वर्षांचा तुझा पगार, पेट्रोल, टेपरेकॉर्डर, जे काय लागेल ते. अट एकच."

आली अट, मार्व्हाच्या मनात आलं. "कोणती, ब्रदर स्टुबर्ग?"

"पहिली गोष्ट, ब्रदर म्हणू नकोस. तुझा भाऊ व्हायला मी चर्चला जात नाही. लव्हेल म्हण. आणि अट ही, की जे सापडेल ते छापायचं. कुणाला बरं वाटो, वाईट वाटो."

"बस, एवढंच?"

"का, आणखी घालू?"

"नाही, तसं नाही. पण तुम्हाला यात काय रस, ते कळलं तर..."

"टर्की विकल्या. वेळ जात नाही." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपल्या गावच्या कोठाराचंही येईल ना त्यात? दुष्काळाच्या वर्षाचं?"

मार्व्हाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे.

कारण ट्विनवेल्समध्ये शेंबड्या पोरालाही ती गोष्ट ठाऊक होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन वर्षं पाऊस नाही, बर्फ नाही, पाटाला पाणी नाही. त्या हिवाळ्यात बायकांचं कोठार भरलेलं होतं, आणि वसंतात उघडून पाहतात तर तळ दिसत होता. किल्ली होती वॉर्डच्या, म्हणजे गावच्या चर्चमंडळीच्या बिशपकडे, नील्स स्टुबर्गकडे. हा लव्हेलचा आजोबा; इथले बिशप गावातलेच संसारी लोक असत. आणि त्याच सुमारास नील्सनं गावातलं पहिलं दगडी घर उभं केलं. कुणी तोंडावर बोललं नाही. पण त्या घराला गाव आजही 'गव्हाचं घर' म्हणायचं, फक्त एकही स्टुबर्ग आसपास नाही याची खात्री करून.

म्हणजे म्हाताऱ्याला आजोबाचं नाव धुऊन हवंय तर, मार्व्हानं ठरवून टाकलं. आणि त्यासाठी धोबीण मी.

पैसे तिनं घेतले. दुसरा मार्ग नव्हता. पण त्या दिवसापासून ती सावधपणे वागू लागली. लव्हेल दर पंधरवड्याला कॉलेजच्या तळघरातल्या तिच्या खोलीच्या दारात उभा राहायचा, आत यायचा नाही. "कुठवर आलं?" एवढंच विचारायचा. ती म्हणायची, "अजून आधीच्या वर्षांतच आहे." तो मान हलवून जायचा. तो गेल्यावर ती टेबलावरचे कागद उगीचच उलटे करून ठेवायची.

कामाला लागून सहाएक महिने झाले असतील, तेव्हा डोर्ला आली. लव्हेलची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली, मँटायला चर्चच्या मंदिरात सेवेला जाणारी, पांढऱ्या केसांची टापटीप बाई. त्या गव्हाच्या घरात आता तीच राहायची. भावाबहिणीत बोलणं नव्हतं. का नव्हतं, हे कुणाला नीट सांगता यायचं नाही. तिच्या एका हातात कापडाखाली झाकलेले गरम पाव होते, दुसऱ्या हातात रासबेरीच्या मुरंब्याची बरणी.

"बारीक झालीस गं," ती बसता बसता म्हणाली. "माझा भाऊ पैसे देतो पण खायला देत नाही वाटतं?"

"सिस्टर डोर्ला, कशाला त्रास घेतलात?"

"त्रास कसला. पीठ मळायला मला आवडतं." तिनं खोलीभर नजर फिरवली. उलट्या ठेवलेल्या कागदांवर ती जरा जास्त वेळ थांबली. "काय लिहून घेतोय तो तुझ्याकडून?"

"काही नाही. जे सापडेल ते लिही म्हणतात."

"लव्हेल असं म्हणाला?" डोर्ला हसली, पण डोळे हसले नाहीत. "बरं. मग एक काम कर. मँटायच्या वृद्धाश्रमात हुल्डा येन्सन आहे. चौऱ्याण्णव वर्षांची. डोकं अजून शाबूत आहे तोवर तिच्याकडे जाऊन ये. दुष्काळाचं विचार."

ती गेल्यावर मार्व्हानं पाव फोडला. पाव अप्रतिम होता, आणि प्रत्येक घासाला तिला वाटत होतं, हा कशासाठी आहे? भाऊ पैसे देतो, बहीण पाव देते, आणि साक्षीदाराचा पत्ताही घरचाच. यात कुठेतरी पाणी मुरतंय. ती मँटायला गेलीच नाही. मुद्दाम गेली नाही. थंडी संपेपर्यंत तिनं इतर गावांच्या कोठारांवर काम केलं. मग एक दिवस कळलं की वृद्धाश्रमात न्यूमोनियानं दोघं गेली, आणि ती टेपरेकॉर्डर उचलून धावत सुटली.

हुल्डा येन्सन खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. बोटं वाकडी झालेली, नजर मात्र लख्ख.

"स्टुबर्गांची आहेस का तू?" तिनं आधी विचारलं.

"नाही. मी थोरप. कॉलेजात शिकवते."

"मग ठीक. त्यांच्यासमोर मला लाज वाटते."

"लाज? कसली?"

म्हातारीनं टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. "चालू आहे का ते? असू दे. तुझं ते कोठार ना, ते आम्ही खाल्लं."

हुल्डा सांगत गेली. ती तेव्हा सहा वर्षांची. वडील डेन्मार्कहून आलेले, तोऱ्याचा माणूस, मागणं ठाऊक नाही. त्या हिवाळ्यात बियाणंसुद्धा दळून खाऊन झालं. धाकटा भाऊ रडायचाही थांबला होता. एका पहाटे अंगणात गाडी आली, वर गवत रचलेलं. गाडीवर बिशप नील्स आणि मागे वॉर्डातल्या दोन बायका. गवताखाली गहू. बायकांनी तो आत आणून ओतला आणि आईला म्हणाल्या, कुठे बोलू नकोस.

"का?"

"अगं, तो गहू हलवायला वरून परवानगी लागायची. परवानगी येईपर्यंत आम्ही मेलो असतो. त्या बायकांनी ठरवलं, आणि बिशप म्हणाला, किल्ली माझ्याकडे आहे, विचारलं तर मी उघडलं म्हणून सांगा. आमच्यासारखी आठ-नऊ घरं होती, ओढ्यापलीकडची. कुणाचंच नाव कुठे लिहिलं नाही. आमचा पाणउतारा होऊ नये म्हणून."

"आणि मग गव्हाच्या घराची गोष्ट? ती कुणी उठवली?"

हुल्डानं तोंड खिडकीकडे वळवलं. "आम्हीच. शाळेत गाणं म्हणायचो, बिशपच्या भिंतीत गहू. आमच्या आईवडिलांनी ऐकलं, आणि कुणी आम्हाला गप्प केलं नाही. चोरी झाली म्हटलं, की मग तो गहू गेला कुठे हे कुणी शोधत नाही ना."

मार्व्हाचं डोकं मात्र थांबलं नाही. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "सिस्टर डोर्ला येतात का हो तुमच्याकडे?"

"दर रविवारी. बरणीतले पीच आणते माझ्यासाठी. गुणाची बाई आहे."

परतीच्या रस्त्यावर मार्व्हानं गाडी एका कुंपणाशी उभी केली आणि बराच वेळ नुसती मेंढ्यांकडे बघत बसली. गोष्ट खरी वाटत होती. खरी वाटावी म्हणून कुणी दर रविवारी पीचबरोबर थोडी थोडी भरवली असेल तर? चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईला स्वतःची आठवण कोणती आणि ऐकलेली कोणती, हे सांगता येईल? आणि मला स्वतःला ती गोष्ट खरी ठरायला हवी आहे ती का? चांगली आहे म्हणून, की पाव खाल्लाय म्हणून?

हुल्डानं बोलता बोलता मॅडसन नावाच्या घराचा उल्लेख केला होता. ते लोक पुढे गाव सोडून आणि चर्चही सोडून सलायनाला गेले होते. तिथे त्यांचा नातू रीड मॅडसन पेट्रोलपंपाला लागून खानावळ चालवायचा. मार्व्हा तिथे पोचली तेव्हा त्यानं विचारायच्या आधीच तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"मी घेत नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच ठेवली," तो म्हणाला. "कुठल्या लोकांपैकी आहात ते लगेच कळतं. बोला."

तिनं कोठाराचं विचारलं, हुल्डाचं नाव घेतलं नाही. रीड काउंटर पुसत राहिला.

"स्टुबर्गांबद्दल मी चांगलं बोलावं अशी अपेक्षा असेल तर पुढचा पंप बघा. त्यांच्यातल्या एकानं माझ्या बापाला पाटाच्या पाण्यावरून कोर्टात ओढलं होतं."

"चांगलं नको. खरं सांगा."

"खरं?" त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "आमची आजी मरायला टेकली होती. बाप स्टुबर्गांना शिव्या देत होता. तर ती उठून बसली आणि म्हणाली, त्या बिशपनं गाडी आणली नसती तर तुला जन्माला घालायला मी उरले नसते. पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. मला वाटलं, म्हातारी भ्रमात आहे. गाडी कसली?"

"गव्हाची," मार्व्हा म्हणाली, आणि नकळत कॉफीचा एक घोट घेतला.

त्यानंतर तिनं उरलेली वाट नेटानं पार केली. ओढ्यापलीकडच्या आणखी एका घरानं दबक्या आवाजात तेच सांगितलं. जिल्ह्याच्या कचेरीत कळलं की दगडी घरावर कर लागला होता तो दुष्काळाच्या दोन वर्षं आधीपासून. म्हणजे गहू होता तेव्हा घरही होतं. नील्स स्टुबर्गनं चोरी केली नव्हती.

लव्हेलला हवं होतं तेच त्याला मिळालं, असं तिला वाटलं, आणि थोडा रागही आला. पण खरं ते खरं. ती आपणहून त्याच्या घरी गेली आणि त्याच टेबलाशी बसून तिनं सगळं सांगितलं. बोलताना ती त्याच्या चेहऱ्यावर समाधान शोधत होती.

ते तिथे नव्हतं. त्याचा चेहरा उतरत गेला, मग आखडत गेला.

"किती दिले तिनं?" तो म्हणाला.

"कुणी?"

"डोर्लानं. का नुसत्या पावांवर भागलं?"

"लव्हेल! मी सलायनापर्यंत गेले, तुमच्या नावानं बोटं मोडणाऱ्या माणसाकडून—"

"चोर होता तो!" त्यानं मूठ टेबलावर आपटली. "सगळं गाव म्हणतं चोर होता. मी पैसे मोजले ते कुणीतरी शिकलेल्या माणसानं हे एकदा छापावं म्हणून. आणि तू मला संत आणून देतेस?"

वर्षभर मार्व्हा ज्याच्यावर पहारा देत होती तो माणूस हा नव्हताच.

"तुम्हाला तो चोर का हवाय?" तिनं शेवटी हळूच विचारलं.

लव्हेल उठून मोरीपाशी गेला. तिच्याकडे पाठ करून बोलला. "माझ्या बापाला एका कानानं ऐकू यायचं नाही. नऊ वर्षांचा असताना फाटक उघडं राहिलं म्हणून बिशपनं घोड्याच्या साजाच्या पट्ट्यानं मारलं. बकलाकडच्या बाजूनं. बाप आयुष्यभर त्याला 'आदरणीय वडील' म्हणत राहिला. आणि रविवारी तोच बिशप उभा राहून आम्हाला प्रेमावर प्रवचन द्यायचा. मी ऐकलंय ते, पहिल्या रांगेत बसून."

"हे माझ्या टेपवर सांगाल?"

"माझ्या बापाचा तमाशा करायचा नाहीये मला."

"मग मी काय लिहू? गहू त्यानं लोकांना वाटला, याला तीन घरांची साक्ष आहे. मी ते लपवू?"

"निघ," लव्हेल म्हणाला. "पोस्टम पिऊन झालं असेल तर निघ."

दुसऱ्या वर्षाचे पैसे आता येणार नाहीत, हे ती धरूनच चालली. पण पैसे आले. फक्त विभागप्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं की ब्रदर स्टुबर्गांनी आपलं नाव कुठेही घालू नका म्हणून कळवलंय. "तुमचं काही वाजलं का?" त्यांनी संशयानं विचारलं. ती म्हणाली, "नाही. गव्हाचा विषय आहे, ते जरा रागावलेत." त्यांना काही कळलं नाही.

पुढच्या वसंतात तिनं चर्चच्या हॉलमध्ये गावापुढे तो भाग वाचून दाखवला. चीज घातलेल्या बटाट्यांच्या परातींचा वास येत होता. डोर्ला पहिल्या रांगेत रुमाल डोळ्यांना लावून बसली होती. ओढ्यापलीकडच्या घरांतली माणसं ताठ मानेनं समोर बघत होती. हुल्डाचा नातू मध्येच उठला आणि "आजीला आजकाल काल काय खाल्लं ते आठवत नाही," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलून निघून गेला. वाचन संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण विरळ.

आणि जेवणाच्या रांगेत मार्व्हाच्या कानावर आलं.

"पैसे कुणाचे होते, ठाऊक आहे ना?"

"नाव काढून घेतलंय म्हणे."

"काढणारच की. आजोबाला धुऊन घ्यायचं, आणि साबणाचं बिल कुणी दिलं ते दिसायला नको."

तिनं हातातली ताटली खाली ठेवली. कारण दोन वर्षांपूर्वी ती स्वतः नेमकं हेच बोलली होती, मनातल्या मनात.

आठवडाभरानं लव्हेल तिच्या खोलीत आला. या वेळी दारात थांबला नाही. खुर्ची ओढून बसला.

"चाऱ्याच्या दुकानात एकानं माझ्या पाठीवर थाप मारली," तो म्हणाला. "डोळा मारून म्हणतो, 'लव्हेल, पैसे कारणी लागले बरं का. म्हातारा आता स्वर्गात मोकळा श्वास घेईल.' मी! मी त्या माणसाचं नाव धुतलं म्हणे!" आणि तो हसायला लागला. कोरडं, खोकल्यासारखं हसू. ते ओसरल्यावर त्यानं टेबलाकडे बोट केलं. "ते यंत्र चालू कर."

"नक्की?"

"तुझ्यासाठी नाही सांगत. मी त्याला विकत घेऊन सोडवला असं कुणाला वाटायला नको, म्हणून सांगतोय."

तो सरळ, थांबत थांबत बोलला. फाटक, पट्टा, बकल, बापाचा डावा कान. टेप संपल्यावर टोपी घालून निघून गेला.

आता हेही तपासायला हवं होतं. रागात असलेल्या माणसाचा शब्द होता तो, जसा आधी उपकाराखाली असलेल्या हुल्डाचा होता. आणि विचारायला जागा एकच उरली होती.

डोर्लानं गव्हाच्या घराचं दार उघडलं आणि तिला बैठकीत बसवलं. मार्व्हानं टेप लावली नाही, फक्त लव्हेल काय म्हणाला ते सांगितलं.

"खोटं आहे," डोर्ला लगेच म्हणाली. "बाबांना गोवर झाला होता. त्यात कान गेला. आई हेच सांगायची. लव्हेल पहिल्यापासून असाच, कडू. एवढं चांगलं झालं होतं गं, आणि आता तू..."

"मी अजून काहीच लिहिलेलं नाही. म्हणून तर विचारायला आले."

डोर्ला मांडीवरचा रुमाल घड्या घालत, मोडत राहिली. बाहेर कुणीतरी पाटाचं दार उघडलं असावं, पाणी वाहिल्याचा आवाज आला. मार्व्हा निघायला उठली तेव्हा म्हातारी म्हणाली, "बस."

ती बसली.

"बाबा या घरात कधी जेवले नाहीत," डोर्ला म्हणाली. "सणाला आम्ही सगळे आत, टेबलाभोवती, आणि बाबा घोड्यांकडे बघतो म्हणून बाहेर. दर वर्षी. मी लहान होते तेव्हा वाटायचं, त्यांना घोडे फार आवडतात." तिनं रुमाल बाजूला ठेवला. "स्वयंपाकघराच्या दारामागे खिळा होता. त्याला पट्टा. आम्हा मुलांपैकी कुणी त्याला हात लावायचं नाही. आजोबा गेले त्या दिवशी आईनं तो चुलीत घातला. चामड्याचा वास तीन दिवस गेला नाही."

"आणि गोवर?"

"गोवर सगळ्यांनाच होतो."

मार्व्हानं मग विचारलं, "हे तुमच्या नावानं लिहू का, सिस्टर डोर्ला? नको असेल तर नाव घालणार नाही."

डोर्लानं खिडकीच्या जाड दगडी चौकटीवर हात ठेवला, तिथली धूळ बोटानं पुसली, ती बोटाला किती लागली ते पाहिलं.

"लिही," ती म्हणाली. "पण गव्हाचं आधी लिही."